‘अडचण’ नेमकी कोणाची?

आपल्या घरात दिवा कधी ‘विझत’ नाही, तो ‘शांत होतो’. डब्यातलं धान्य ‘संपत’ नाही, ‘वाढतं’. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणायचं, नारळ फोडायचा तोही ‘वाढवायचा’, आणि दुकानदारानं रात्री फळ्या लावल्या की त्यानं दुकान ‘वाढवलं’. घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं की थोरल्या बायका लगेच दटावतात, “जाते काय म्हणतेस, येते म्हण!” रात्रीच्या वेळी सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं. एका भयंकर रोगाला तर आपण ‘देवी’च म्हणून टाकलं. १९८० साली तो रोग जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, पण दंडावरचा लशीचा वण दाखवताना वयस्क बायका अजून ‘देवी काढल्याची खूण’ असंच सांगतात.

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण पर्यायोक्ती अलंकार शिकलो होतो, आठवतं? सरळ न सांगता आडवळणानं सांगायचं. तुरुंगात आहे म्हणायच्या ऐवजी ‘सरकारचा पाहुणचार घेतोय’. ही भाषेची गंमत आहे, आणि तिच्यामागे माणुसकीही आहे. ‘मेले’ न म्हणता आपण ‘गेले’, ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो, ते मागे राहिलेल्यांना शब्दाचा चटका बसू नये म्हणून. यात वाईट काय आहे? काहीच नाही.

पण मैत्रिणींनो, गेल्या काही वर्षांतल्या बातम्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, आणि आपलं रोजचं बोलणं जरा कान देऊन ऐकलं, की लक्षात येतं, सगळीच मऊ बोली निरुपद्रवी नसते. काही शब्द दुखऱ्या माणसावर पांघरूण घालतात, तर काही शब्द दुखावणाऱ्यावर. दोन्ही पांघरुणं दिसायला सारखीच. म्हणून प्रत्येक वेळी विचारायला हवं, की हे पांघरूण नेमकं कोणावर पडलंय?

अंगावरून आणि अंगावर

सुरुवात आपल्यापासूनच करू. पाळीला आपल्याकडे किती नावं आहेत बघा. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘दूर आहे’, ‘अडचण आहे’; आताच्या मुली ‘प्रॉब्लेम आलाय’ किंवा ‘डेट आहे’ म्हणतात. इतक्या नावांच्या गर्दीत तिचं स्वतःचं नाव सगळ्यात कमी ऐकू येतं. जी गोष्ट निरोगी शरीरात दर महिन्याला व्हायचीच, तिला आपण ‘अडचण’ आणि ‘प्रॉब्लेम’ म्हणतो. मग सहावी-सातवीतल्या पोरीला आपल्या शरीरात काहीतरी बिघडलंय असं वाटलं, तर चूक तिची कशी?

बचत गटाच्या निमित्तानं आरोग्य शिबिरांना बरेचदा जाणं होतं. तिथं हेच चित्र दिसतं. बाई डॉक्टरांसमोर बसते. काय होतंय विचारलं की “कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो” असं सांगते. आणखी खोदून विचारलं तर खाली बघत म्हणते, “अंगावरून जातं.” आता काय जातं, पांढरं की लाल, किती दिवस, वास येतो का, मध्येच जातं का, हे तिच्या तोंडून निघायला वेळ लागतो, आणि मागे रांगेत पन्नास जणी उभ्या असतात. मग कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन ती घरी जाते. अंगावरून जातं म्हणत म्हणत आपण ते वर्षानुवर्षं अंगावर काढतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच तपासून घ्यायचं असतं, कारण ते गर्भाशयाच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं. ‘जरा अंगावर दिसलं’ एवढंच सांगून भागणार नाही.

तीच गत ‘पिशवी’ची. गर्भाशय हा एक अवयव आहे, हृदय आणि मूत्रपिंडासारखाच. पण त्याला ‘पिशवी’ म्हटलं की तो अवयव राहतच नाही, भाजीची पिशवी होतो. खराब झाली, टाकून द्या! “पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका,” असं सांगितलं जातं, आणि आपण “एकदाची पिशवी काढली, सुटले बाई,” म्हणतो. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला. एकट्या बीड जिल्ह्यात, तीन वर्षांत, खासगी रुग्णालयांमध्ये गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न पुढे आला, आणि चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गरज असताना केलेली शस्त्रक्रिया जीव वाचवते, हे खरंच. पण तरुण वयात ती झाली, आणि गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘पिशवी’ या शब्दात हे कुठंच येत नाही.

ऊसतोडीतले शब्दही ऐकून ठेवा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामाआधी मुकादम देतो ती ‘उचल’. एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’, त्याचा दंड. म्हणजे बाई कोयत्याचा अर्धा भाग, आणि तिची पाळी म्हणजे खाड्याची भीती. जिच्या कामाला स्वतंत्र नावच नाही, तिच्या दुखण्याला कोण नाव देणार?

आणखी एक गोडधोड शब्द. सोनोग्राफीनंतर कोणी ‘पेढे’ म्हणालं की मुलगा, ‘बर्फी’ किंवा ‘जिलेबी’ म्हणालं की मुलगी. ही खूण सगळ्या गावाला ठाऊक असते. कायदा करणाऱ्यांनाही असली हुशारी माहीत होती. म्हणूनच १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणेनं किंवा इतर कोणत्याही रीतीनं कळवायला बंदी आहे. पेढ्याचं नाव घेऊन तो गुन्हा गोड होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. आणि हेही लक्षात ठेवा, की लिंगनिदान बेकायदा आहे, पण अटींमध्ये बसणारा गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. आपण दोन्ही गोष्टींना ‘खाली केलं’ या एकाच कुजबुजीत गुंडाळतो. त्यामुळे खरी गरज असलेली बाईही घाबरून भोंदूकडे जाते.

‘आमचं काही मागणं नाही’

आता लग्नाच्या बैठकीत जाऊन बसू. ‘हुंडा’ हा शब्द हल्ली तिथं कोणी उच्चारत नाही. मुलाकडचे म्हणतात, “आमचं काही मागणं नाही. तुमच्या मुलीला तुम्ही काय घालाल ते घाला.” मग हळूच, “लग्न तेवढं चांगलं करून द्या.” मग ‘मानपान’, ‘पोशाख’, ‘वरखर्च’, ‘मुलाच्या हौसेची गाडी’. या शब्दांत कुठंही मागणी दिसत नाही, आणि बैठक उठेपर्यंत मुलीच्या बापानं एक एकर मनातल्या मनात विकलेलं असतं.

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका सुखवस्तू घरातल्या तरुण सुनेचा मृत्यू झाला, तेव्हा लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी वर्तमानपत्रांतून छापून आली. ५१ तोळे सोनं, महागडी गाडी, चांदीची भांडी. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, त्यावर आपण बोलायचं नाही. पण ती यादी वाचताना अंगावर काटा आला, कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू आपल्या गावातल्या लग्नांत ‘हौसेनं’ दिली जाते. थाट बघायला आपणच टाचा उंचावून उभ्या असतो, नाही का?

कायदा मात्र शब्दाला भुलत नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं लग्नाच्या संबंधात दिलेली किंवा द्यायची ठरवलेली कोणतीही मालमत्ता किंवा मौल्यवान वस्तू हुंडा मानली आहे. तिला तुम्ही वरदक्षिणा म्हणा, मानपान म्हणा. न मागता स्वखुशीनं दिलेल्या भेटींना सूट आहे, पण त्यांची लेखी यादी करून तिच्यावर सह्या हव्यात, असा नियम १९८५ पासून आहे. किती लग्नांत ही यादी होते? आहेराची वही मात्र प्रत्येक मांडवात असते!

लग्न ठरवताना मध्यस्थही असाच बोलतो. ‘जरा तापट आहे’ म्हणजे हात उचलतो. ‘मित्रमंडळी फार’ म्हणजे रोज पितो. ‘सध्या घरचंच बघतो’ म्हणजे कामधंदा नाही. पुढे मुलगी रडत माहेरी आली की आई सांगते, “भांड्याला भांडं लागतंच, जरा जुळवून घे.” भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो, पाठीवर वळ उठत नाहीत! २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं मोठं काम म्हणजे त्यानं नावं दिली. मारहाण ही हिंसा, लैंगिक बळजबरी ही हिंसा, टोमणे आणि अपमान हीसुद्धा हिंसा, आणि घरखर्चाला पैसे न देणं, बाईचा पगार काढून घेणं हीही हिंसा. पूर्वीचं कलम ४९८ अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आलं आहे. पण बाई तक्रार द्यायला गेली आणि कागदावर ‘घरगुती किरकोळ वाद’ एवढंच लिहिलं गेलं, तर पुढे ते कलम लागणार कसं? म्हणून सही करण्याआधी वाचायचं, आणि जे घडलं त्याच शब्दांत लिहायला सांगायचं.

मोडलेल्या संसाराचे शब्दही दोघांसाठी वेगळे आहेत. तिला ‘टाकलेली’ म्हणतात. त्यानं मात्र ‘दुसरं घर केलं’. मऊ शब्द कोणाच्या वाट्याला आला आणि टोचरा कोणाच्या, बघा तुम्हीच.

प्रेम म्हणे!

वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाल्यांनीही आरशात बघायला हरकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. आठवडाभर झुंजून ती गेली, आणि दोन वर्षांनी न्यायालयानं आरोपीला जन्मठेप दिली. त्या काळात मथळे काय होते? ‘एकतर्फी प्रेमातून’. अहो, ज्यात समोरच्या बाईचा नकारच ऐकायचा नाही, त्याला प्रेम कसं म्हणायचं? पाठलाग, धमकी, सूड, हे सगळे शब्द मराठीत आहेत. पण ‘प्रेम’ म्हटलं की गुन्हेगाराभोवती सिनेमातल्या नायकाचं वलय तयार होतं, आणि गावात चर्चा सुरू होते, “तिनंही काहीतरी केलं असेल.”

‘छेडछाड’ हाही तसाच शब्द. त्यात थट्टामस्करीचा वास आहे. बसस्टॅंडवर अंगचटीला येणं, कॉलेजच्या वाटेवर अडवणं यात मस्करी कसली? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. बायकांबद्दल चुकीच्या समजुती पसरवणारे शब्द कोणते आणि त्याऐवजी काय लिहावं, हे त्यात दिलं आहे. ‘ईव्ह टीझिंग’ऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ असं म्हणावं, हे त्यातच आहे. कोर्ट आपली भाषा सुधारतंय, तर आपण का नाही?

सरकारचा शब्दकोश

सरकार तर या कलेत फार मुरलेलं आहे. वीज घालवायची आणि त्याला ‘भारनियमन’ म्हणायचं. गावातली शाळा बंद करायची आणि त्याला ‘समायोजन’ म्हणायचं. समायोजन झालेली शाळा तीन किलोमीटरवर गेली, की घरात सगळ्यात आधी मुलीचं दप्तर खुंटीला लागतं. फाइलीत मात्र ती ‘समायोजित’ असते.

सगळ्यात बोलकी गोष्ट दुष्काळाची. १९६३ मध्ये महाराष्ट्रानं चक्क एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला आणि तिथं टंचाई आणली. त्या अर्थाचा दुष्काळ आता राज्यात पडणारच नाही, अशी भूमिका होती. आणि नऊ वर्षांनी १९७२ आलं. त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाऊन राहिलेल्या बायका आजही आपल्यात आहेत. त्यांना विचारा, ती टंचाई होती का! पुढेही तेच. काही वर्षांपूर्वी सरकारी कागदांवर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्द आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि मे २०१६ मध्ये सरकारला सांगावं लागलं, की सुमारे २९ हजार गावांसाठी ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ असं वाचावं. ऑक्टोबर २०१८ मध्येही आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली, आणि आठवड्याभरानंतर १५१ तालुक्यांत दुष्काळ. तुम्ही म्हणाल, एका ‘सदृश’नं काय बिघडतं? दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ अशा गोष्टी लागू होतात. म्हणजे त्या शब्दावर घरातल्या पोरीची फी अवलंबून असते. डोक्यावरचा हंडा काही ‘हंडासदृश’ नसतो.

एप्रिल २०२३ मधला वाद आठवत असेल. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरावा असा प्रस्ताव पुढे केला. पत्रिकांवर ‘गं. भा.’ आपण लहानपणापासून बघतोय. राज्यभरातून बायकांनी विरोध केला, आणि हा निव्वळ प्रस्ताव आहे, निर्णय नाही, असा खुलासा आला. हेतू चांगला असेलही. पण नवरा गेला याची पाटी बाईच्या नावामागे लावायचीच कशाला? बायको गेलेल्या पुरुषाच्या नावामागे गोदावरी-कृष्णा कोणी लावतं का? तो आधीही ‘श्री.’, नंतरही ‘श्री.’

याच्या उलट, वर्षभर आधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं काय केलं? मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून त्यांनी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथाच बंद केल्या. नवं गोड नाव शोधत ते बसले नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. मला वाटतं, नाव बदलणं आणि वागणं बदलणं यातला फरक या दोन घटना शेजारी ठेवल्या की लख्ख कळतो.

नवा शब्द, नवा हक्क

याचा अर्थ सगळे नवे शब्द फसवे असतात असं नाही. ‘मोलकरीण’ हा शब्द मागे पडून ‘घरेलू कामगार’ आला, आणि २००८ मध्ये त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. कामगार म्हटलं की नोंदणी आली, हक्क मागायला जागा आली. मंडळाचं काम किती चाललं हा वेगळा विषय, पण शब्दानं दार तरी किलकिलं केलं. कोरोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी २०२१ मध्ये ठिकठिकाणी काम उभं राहिलं, ते ‘एकल महिला’ या नावानं. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित या सगळ्या जणी त्या नावाखाली एकत्र बसू शकतात, आणि कोणीच कोणाची ‘टाकलेली’ नसते. हे शब्द मऊही आहेत आणि खरेही.

आणि आता आपल्याच स्वयंपाकघरात डोकावू. “आमच्या मावशी ना, अगदी घरच्यासारख्या आहेत,” असं आपण कौतुकानं सांगतो. मग घरच्यासारख्या मावशींचा कप वेगळा का? दुखण्याची रजा पगारी का नाही? घरच्या माणसाला आपण दिवाळीला जुनी साडी देतो का? ‘मावशी’ म्हणावं, जरूर म्हणावं, पण त्या गोड शब्दाच्या आड पगारवाढ लपवू नये. तसंच कोणी विचारलं की “मी काही करत नाही, घरीच असते,” असं पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणारी बाई सांगते. हे पांघरूण तर आपण स्वतःच्याच कष्टांवर घालतो.

तेव्हा काय करायचं? एकदम फटकळ व्हायचं नाही. आजारी माणसाला आशेनं बोलायचं, दुःखातल्या घरी जपून बोलायचं. दिवा शांतच होऊ द्या, नारळ वाढवूच द्या. पण काही ठिकाणी शब्द खणखणीत हवा. मुलीला पहिल्यांदा सांगताना ‘पाळी’ म्हणा. डॉक्टरांसमोर गर्भाशय, स्तन, रक्तस्राव हे शब्द वापरा, आणि शस्त्रक्रिया सुचवली तर कशासाठी आणि दुसरा उपाय आहे का, ते विचारा, जमलं तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. लग्नाच्या बैठकीत कोणी ‘मानपान’ म्हणालं, तर एखादीनं तरी हसतमुखानं विचारावं, “म्हणजे हुंडाच ना?” शेजारणीच्या अंगावर वळ दिसले तर ‘घरगुती’ म्हणून दार लावून घेऊ नका. १८१ आणि ११२ हे मदतीचे क्रमांक तिला पाठ करायला लावा, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आपल्या भागात कोण आहेत ते विचारून ठेवा.

पुढच्या गट-बैठकीत एक गंमत करून बघा. प्रत्येकीनं आपल्या घरात वापरला जाणारा असा एक झाकणारा शब्द सांगायचा, आणि बाकीच्यांनी त्याचा खरा अर्थ मोठ्यानं म्हणायचा. सुरुवातीला हशा पिकेल. थोड्या वेळानं एखादी गप्प होईल. तिच्या शेजारी जाऊन बसा. तिला त्या दिवशी बोलायला खरा शब्द सापडलेला असेल.